एक लांबलचक अल्ट्रावाइड की दोन साधे मॉनिटर?

एक मॉनिटर पुरत नाही इथपर्यंत तुम्ही आला आहात असं धरून चालतो. पुढचा घोळ असा की ३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे नेहमीपेक्षा बराच रुंद मॉनिटर, घ्यायचा का २४-२४ इंची साधे दोन. मी दोन्ही वापरलेत. काम डीटीपीचं, पुस्तकांची पानं लावायचं, म्हणजे एकीकडे लेखकाने लाल खुणा करून पाठवलेली पीडीएफ, दुसरीकडे इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमधलं पान, आणि मधूनमधून व्हॉट्सअ‍ॅप वेब. गेमिंगचं मला विचारू नका, ते भाच्याला माहीत, आणि अल्ट्रावाइड आता त्याच्याकडेच असतो, यावरून काय ते समजा.

पण आधी अल्ट्रावाइडचं कौतुक करतो, कारण ते खरं आहे. मध्ये पट्टी नाही, वायर एकच, आणि जागा कमी खातो. ३४ इंची साधारण ८० सेंटीमीटर रुंद, दोन चोवीस शेजारी ठेवले की मीटरच्या वर जातात, आणि कोथरूडच्या जुन्या सोसायटीतल्या खोलीत खिडकी आणि लोखंडी कपाट यांच्यामध्ये बसवायचं म्हटलं की तेवढ्या फरकाने टेबल बदलायची वेळ येते. शिवाय अक्षर. ३४४० बाय १४४० पिक्सेलवाला ३४ इंची म्हणजे इंचाला ११० च्या आसपास पिक्सेल, फुल एचडी (१९२० बाय १०८०) २४ ला साधारण ९२, आणि इंचाला पिक्सेल जास्त तेवढं अक्षर रेखीव. इंग्रजीत चालून जातं हो, पण आपल्या लिपीत सगळी गंमत वर आणि खाली असते, त्यामुळे लहान टायपात अनुस्वार आहे का स्क्रीनवर धूळ बसलीय हे २४ वर कधीकधी बोट फिरवून बघावं लागतं. (यावर उपाय म्हणजे २७ इंची १४४० पीचे (२५६० बाय १४४० पिक्सेलचे) दोन, तिथे अक्षर अल्ट्रावाइडसारखंच दिसतं, फक्त खिसा आणि टेबल दोन्ही मोठं लागतं.) २९ इंची अल्ट्रावाइड मात्र माझ्या मते राहू द्या, उंचीला तो २३ इंचीएवढाच भरतो.

आता माझं घोडं कुठे अडलं ते सांगतो. स्क्रीन शेअर. हल्ली लेखक पुण्यात असले तरी माझ्याकडे अप्पा बळवंत चौकापर्यंत गाडी घालून यायला कोणी तयार नसतं, बाहेरगावचे तर कॉलवरच येतात. आपण अख्खी स्क्रीन शेअर केली की समोरच्याच्या १९२० वाल्या लॅपटॉपवर ती ३४४० ची रुंदी दाबून बसवली जाते, म्हणजे सगळं जवळजवळ निम्मं, आणि वर-खाली काळे पट्टे. साताऱ्याचे एक निवृत्त सर तर मोबाईलवरून जॉइन व्हायचे, आणि दर कॉलला "अहो साहेब, अक्षरं मुंगीएवढी दिसतायत, जरा मोठं करा की". मोठं केलं की पान कापलं जातं. मग नुसती इनडिझाइनची विंडो शेअर करावी तर मी उघडलेला छोटा डायलॉग त्यांना बऱ्याचदा दिसतच नाही, ते म्हणणार कुठे काय बदललं? झूममध्ये स्क्रीनचा ठरावीक चौकोन शेअर करायची सोय आहे, ती चांगली चालते, पण लिंक लेखक पाठवणार आणि ती कुठल्या अ‍ॅपची असेल ते आपल्या हातात नाही. शेवटी दर कॉलच्या आधी रेझोल्यूशन बदला, संपला की परत करा, विंडो पुन्हा लावत बसा. बारीकसारीक गोष्ट आहे, मान्य, पण रोजची.

दोन मॉनिटरला हा प्रश्नच येत नाही. फुल एचडी वाला एक शेअर केला की समोर जसाच्या तसा दिसतो, आणि दुसऱ्यावर माझं व्हॉट्सअ‍ॅप, बँक, न पाठवलेलं बिल, जे काय असेल ते माझ्यापुरतं राहतं.

आणि दुसरा फायदा, एक मॉनिटर उभा करता येतो. २४ इंची उभा केला की ए-फोरचं अख्खं पान खऱ्या मापाहून मोठं दिसतं, स्क्रोल न करता प्रूफ तपासून होतं. अल्ट्रावाइडवर टूलबार वगैरे सोडून तेच पान जेमतेम मूळ मापाला बसायचं. उभ्यावर अक्षरांच्या कडा किंचित वेगळ्या दिसतात, विंडोजचं क्लिअरटाइप, म्हणजे अक्षरं गुळगुळीत दाखवायची सोय, आडव्या स्क्रीनच्या हिशोबाने केलेलं आहे म्हणून, पण डोळ्याला सवय होते, निदान माझ्या झाली.

दोनचे त्रास नाहीत असं नाही. मधली पट्टी नाकासमोर येऊ देऊ नका, एक सरळ आणि एक बाजूला तिरका ठेवा, नाहीतर मान दुखणार. चहा पिऊन आलं की सगळ्या विंडो एकाच स्क्रीनवर गोळा झालेल्या असतात असंही होतं, डिस्प्लेपोर्ट नावाच्या वायरीने जोडलं तर जास्त. विंडोज ११ मध्ये डिस्प्ले सेटिंगच्या मल्टिपल डिस्प्लेजमध्ये विंडोची जागा लक्षात ठेवायचा चेकबॉक्स आहे, तो चालू ठेवा. दोन वेगळे मॉडेल घेतले तर एकाचा पांढरा पिवळट आणि दुसऱ्याचा निळसर, कव्हरचं काम करणाऱ्याने तरी हे करू नये, एकाच वेळी एकाच मॉडेलचे दोन उचला.

व्हिडिओ एडिटिंगची लांब टाइमलाइन किंवा रुंदच्या रुंद एक्सेल असेल आणि कॉल फारसे नसतील, तर अल्ट्रावाइड घेतलात तरी तुमचं काही बिघडणार नाही, कदाचित आवडेलच. कॉलवर रोज काही दाखवावं लागत असेल तर मी दोनच म्हणेन, पैसेही सहसा कमीच जातात.

खरेदीला पुण्याच्या तापकीर गल्लीत जायच्या आधी मात्र कॅबिनेटच्या मागे एकदा डोकवा. इंटेलचा प्रोसेसर एफवाला असेल, १२४०० एफ वगैरे, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतं, म्हणून मदरबोर्डवरचे एचडीएमआय पोर्ट नुसते शोभेला, दोन्ही वायरी ग्राफिक्स कार्डालाच लागणार, मग तिथे कुठले पोर्ट किती रिकामे आहेत त्याचा मोबाईलवर फोटो काढून न्या. आणि दुकानात स्टँड फिरवून बघा, स्वस्तातले बरेच नुसते पुढे-मागे झुकतात, उभे होत नाहीत. तसा असेल तर मागे १०० बाय १०० मिलिमीटरची वेसा भोकं (आर्म लावायची ठरलेल्या मापाची स्क्रूची भोकं) आहेत का तेवढं विचारा, वेगळा आर्म लावता येतो. पॅनल आयपीएस प्रकारचं घ्या, बाकीचे उभे केल्यावर बाजूने रंग बदलतात.