पलंगाच्या दुसऱ्या बाजूने: फुल फेस की नेझल पिलो?

घरात सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, आलंय म्हणजे स्लीप स्टडी (झोपेची तपासणी) झालीय, हवेचं प्रेशर ठरलंय आणि डॉक्टरांचं वजनावरचं व्याख्यानही ऐकून झालंय, असं धरून चालतो. हे लिहितोय ते मशीन लावणाऱ्यासाठी नाही, त्याच्या शेजारी झोपणाऱ्यासाठी. म्हणजे ज्याला वाटलं होतं की घोरणं गेलं, आता आपण सुटलो.

आमच्याकडे मशीन हिला लागलं. घोरावं ते पुरुषांनी, अशी आमच्याही घरात समजूत होती. पाळी गेल्यावर बायकांमध्ये हा त्रास वाढतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. घोरणं पहिल्याच रात्री थांबलं, अगदी बटण बंद केल्यासारखं. आणि तिसऱ्या रात्री मी उशी घेऊन हॉलमधल्या दिवाणावर होतो.

आधी आठ महिने नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क वापरला, त्यानंतर आजपर्यंत फक्त नाकपुड्यांना टेकणारा नेझल पिलो. दोन्ही मी कानांनी वापरले आहेत, नाकाने नव्हे. तेव्हा माझं मत त्याच हिशेबाने घ्या.

मला हॉलमध्ये धाडलं ते आवाजाने, आणि आवाज म्हटलं की सगळ्यांचा पहिला संशय असतो मशीनवर. माझाही होता. खरं तर सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1980 मध्ये पहिल्यांदा सीपॅपचा प्रयोग केला तेव्हा हवा ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती, आणि सुरुवातीचे मास्क रोज रात्री चेहऱ्याला चक्क चिकटवावे लागत. (गळतीचा प्रश्न मिटला, म्हणा.) त्या मानाने आताची मशीनं पंख्याच्या आवाजातसुद्धा हरवतात. आमचं मशीन घुमायचं ते प्लायवूडच्या साइड टेबलामुळे. खाली जुनी चादर चौघडी करून घातली, घुमणं गेलं. फिल्टर मात्र आम्ही विसरलो होतो. समोर बांधकाम चालू होतं आणि दोन महिन्यांत फिल्टरचा रंग मांजरपाटासारखा झाला होता. तो बदलल्यावर मशीनचा सूर खाली आला. जुनं मशीन कोणाकडून घेत असाल तर एवढं बघा: आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजतो म्हणून फिलिप्सने जून 2021 मध्ये आपली बरीच मॉडेलं परत मागवली होती. स्वस्तात मिळतंय म्हणून त्यातलं उचलू नका.

आणि हिवाळा. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. डिसेंबरात एका रात्री नळीतून गुडगुड आवाज येऊ लागला, कोणीतरी शेजारी बसून हुक्का ओढतंय असा. ह्युमिडिफायरची, म्हणजे मशीनमधल्या पाण्याच्या टाकीवरून येणारी दमट हवा गार नळीत निवली की पाणी होतं, तेच. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, म्हणजे पाणी टाकीकडे परत जातं. ओलाव्याचा आकडा एकाने कमी केला. शिवाय आईने जुन्या स्वेटरच्या बाह्या जोडून नळीला अंगरखा शिवून दिला. तापणारी नळी मिळते, पण स्वेटर फुकट होता.

एवढं सगळं झालं तरी मी हॉलमध्येच. कारण उरलेला आवाज मास्कचा होता.

फुल फेसबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. पहिल्या रात्रीपासून त्याने काम चोख केलं. तोंड उघडलं तरी उपचार चालू राहतो, सर्दीत अडत नाही. पण त्या मास्कची गादी नाकाच्या हाडापासून हनुवटीच्या वरपर्यंत चेहऱ्याला टेकलेली असते. एवढ्या लांब काठावर कुठेतरी फट पडणारच. आमच्याकडे ती पडायची डोळ्याच्या कोपऱ्यापाशी. रात्री अडीचच्या सुमारास ही कूस बदलून माझ्याकडे वळायची. उशीची कड मास्कला रेटायची. आधी बारीक फुस्स. मग गादीचा पातळ पापुद्रा थरथरू लागायचा आणि फुगा सोडून दिल्यासारखा फर्रर्र आवाज निघायचा. दाब टिकवायला मशीन आणखी हवा सोडायचं, म्हणजे त्याचाही सूर चढायचा. ही अर्धवट झोपेत तळव्याने मास्क दाबायची, की सगळं शांत. मी डोळे मिटायचो. पाच मिनिटांनी पुन्हा फुस्स.

पट्टे आवळले तर सकाळी गालावर गोधडीची शिवण उमटल्यासारखे वळ, आणि आवाज होता तसाच. आवळणं हाच चुकीचा उपाय होता हे नंतर मास्क बसवायला आलेल्या मुलाने दाखवलं. त्या पापुद्र्यात हवा भरली की तो गालाला बसतो; आवळून चपटा केला की सुरकुत्या पडतात आणि तिथूनच हवा जाते. मास्क आडवं पडून, मशीन चालू ठेवून, ज्या कुशीवर झोपता त्या कुशीवर बसवायचा. झोपण्यापूर्वी तोंड साबणाने धुवायचं, कोल्ड क्रीम बंद, मास्कची गादी रोज धुवायची. एवढं केल्यावर निम्मा त्रास गेला, हे कबूल. उरलेला निम्मा कूस बदलण्याचा होता, आणि कूस बदलू नकोस असं कोणाला सांगणार?

इथे माझी एक समजूत सांगतो, शास्त्र म्हणून नव्हे. आवाज मोठा आहे की लहान याने झोप मोडत नाही. तो बदलतो म्हणून मोडते. पंखा तीनवर असतो तेव्हा मी मेल्यासारखा झोपतो, पण वीज जाऊन पंखा थांबला की टक्क जागा. मोबाइलवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकून पाहिलं. दोन्ही मास्कांचे आकडे जवळपास सारखेच. शेवटी माझं माप एकच राहिलं: पहाटे दूधवाला गेटची कडी वाजवतो, तेव्हा मी आधीपासून जागा असतो की त्या आवाजाने जागा होतो.

नेझल पिलो म्हणजे नाकपुड्यांना टेकणाऱ्या दोन छोट्या गाद्या, बाकी चेहरा मोकळा. सुरुवातीचा पंधरवडा भयंकर गेला, हे लपवत नाही. डाव्या नाकपुडीतून बारीक शीळ यायची, कुकरची वाफ अडल्यासारखी. मोठ्या मापाची गादी लावली, छोटी लावली, तरी शीळ. मग एका रात्री टॉर्च धरून पाहिलं तर चमकी! तिची फिरकी आतून नाकपुडीला लागून गादी टेकूच देत नव्हती. ही काढायला तयार नाही. लग्नापासून काढलेली नव्हती, भोक बुजेल म्हणाली. आई शेजारच्या खोलीतून म्हणाली, ‘‘अगं, एका रात्रीत बुजत नाही. झोपताना काढ, आंघोळीनंतर घाल.’’ आता मशीनशेजारी एक छोटी डबी असते. शीळ त्याच रात्री संपली.

दुसरी अडचण तोंडाची. तोंड उघडलं की नाकातून आलेली हवा ओठांतून पफ् पफ् बाहेर पडते. हिचं नाक चोंदलेलं असायचं म्हणून तोंड उघडायचं. डॉक्टरांनी नाकाचं औषध दिलं, ते बरंचसं थांबलं. ओठांना पट्टी चिकटवायचा सल्ला कोणीतरी देईलच. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

मास्कच्या पुढच्या बारीक भोकांतून सतत सूं असा वारा येतो, दोन्हींमध्ये. ती गळती नाही. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तिथूनच जातो. मी एकदा मायक्रोपोरची पट्टी हातात घेऊन बसलो होतो, नशीब आधी फोन केला. ती भोकं कधीही बुजवायची नाहीत. पिलोचा हा वारा ही माझ्याकडे वळली की थेट माझ्या गळ्यावर येतो. मफलर बांधून झोपतो. पण तो वारा रात्रभर एकाच सुरात असतो, आणि माझ्या लेखी सगळा फरक तिथे पडला. पिलोच्या खोड्या शोधल्या की सापडतात, सापडल्या की जातात. फुल फेसची खोडी रोज रात्री नव्याने, नव्या कुशीवर भेटायची.

तरीही पिलो सगळ्यांना चालेल असं म्हणणार नाही. नाकाचं हाड वाकडं असेल, बारमाही सर्दी असेल, काही केल्या तोंड मिटत नसेल, तर फुल फेसच बरा. प्रेशर जास्त असेल तर पिलोची हवा नाकात टोचते म्हणतात. हिचं मध्यम आहे, त्यामुळे आम्हाला अनुभव नाही. वीज जाण्याची भीती मात्र मनातून काढा. फुल फेसमध्ये हवा बंद पडली की उघडणारी झडप असते (ती मळली की तीही फडफडते, धुवा), आणि पिलोत तोंड मोकळंच असतं.

लोहचुंबकाच्या चिमट्यांचे मास्क घेताना शेजारच्या माणसाचाही विचार करा. पेसमेकर किंवा तसलं काही शरीरात असेल तर ते चुंबक निदान सहा इंच लांब राहायला हवेत. हे लावणाऱ्यालाच नाही, कुशीत झोपणाऱ्यालाही लागू आहे, आणि दुकानात हे आपणहून कोणी विचारत नाही.

कानात बोळे घालणं हा सोपा मार्ग वाटतो. मी घातले. चौथ्या रात्री आईने पाण्यासाठी तीन हाका मारल्या आणि मला एकही ऐकू आली नाही. ते बोळे आता प्रवासाच्या पिशवीत आहेत.

जुना फुल फेस आम्ही टाकलेला नाही. सर्दी झाली की ही तोच काढते. गेल्या आठवड्यात संध्याकाळी दोन शिंका ऐकल्या आणि जेवण झाल्यावर मी न सांगता दिवाणावर चादर घातली.