व्हिस्टा हाऊस की त्याच्या आधीचा पॉइंट?

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये पोर्टलंडहून कोलंबिया नदीच्या दरीला जाताय, हातात अर्धाच दिवस, आणि जुन्या हायवेवर एकाच ठिकाणी थांबायचंय असं विचारलंय, म्हणून सांगतो. बहुतेक लोक थेट क्राउन पॉइंट या कड्यावरच्या व्हिस्टा हाऊस या जुन्या इमारतीला जातात, पण त्याच्या अलीकडे, पश्चिमेला, पोर्टलंड विमेन्स फोरमचा पॉइंट लागतो.

फोटोसाठी मला तरी अलीकडचाच आवडतो. कारण साधं आहे, व्हिस्टा हाऊसमध्ये उभं राहिलात की फोटोत व्हिस्टा हाऊसच येत नाही! पोस्टकार्डवर दिसतो तो कडा, त्यावरची ती अष्टकोनी इमारत आणि खाली नदी, हे सगळं इथूनच दिसतं, आणि कॅमेरा पूर्वेकडे असतो म्हणून संध्याकाळी जा, सकाळी ऊन समोरून येतं.

इतिहास दोन्हीकडे आहे. अलीकडच्या जागेवर शँटिक्लीर इन नावाचं हॉटेल होतं, 1913 मध्ये हा रस्ता करायची बोलणी तिथेच झाली, पण आता ती इमारत नाही. व्हिस्टा हाऊस मात्र 1918 पासून उभं आहे, नदीपासून 733 फूट उंच, आत संगमरवर, माहितीचं प्रदर्शन, टॉयलेटही.

वारा? क्राउन पॉइंटला टोपी धरूनच उतरा, जोराचा असला तर इमारत बंदही ठेवतात.

पार्किंगची मारामारी व्हिस्टा हाऊसला जास्त.

सोबत आईबाबा किंवा लहान मुलं असतील तर व्हिस्टा हाऊस, फक्त फोटो आणि शांतपणे बघणं असेल तर अलीकडचा.