एर्कोले देस्तेचा डुकाट: पैसे चेहऱ्याचे द्या, शंका कडेवर घ्या

फेरारा ही उत्तर इटलीतली छोटी डची, म्हणजे ड्यूकचं राज्य. 1471 साली पोपने बोर्सो देस्तेला तिथला ड्यूक केलं. त्याच वर्षी तो वारला आणि सावत्र भाऊ एर्कोले गादीवर आला, तो 1505 पर्यंत. त्याचा हातोड्याने पाडलेला डुकाट, म्हणजे सोन्याचं नाणं, सुमारे साडेतीन ग्रॅमचा, जवळजवळ बावनकशी, आणि जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. एका बाजूला ड्यूकचा चेहरा, दुसऱ्या बाजूला थडग्यातून उठलेला ख्रिस्त. वजन आणि कस व्हेनिसच्या डुकाटाचे, म्हणजे आपल्या पुतळीचेच. पण पुतळीवरच्या आकृत्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच साच्याच्या. इथे एक जिवंत माणूस समोर येतो. या नाण्याचं खरं मोल तेच.

म्हणून ड्यूकचा चेहरा पूर्ण उठलेला असेल, तर एका बाजूची अक्षरं कडेबाहेर गेली तरी नाणं घ्यावं. ख्रिस्ताचा चेहरा सपाट दिसला म्हणून लगेच झीज समजू नये. पत्रा इतका पातळ, की समोरासमोरच्या दोन्ही खोल ठशांत भरायला सोनं पुरत नाही. झीज असेल तर उंच भाग गुळगुळीत होतो आणि आजूबाजूची अक्षरंही बोथट होतात; ठसा कमी उठला असेल तर शेजारची अक्षरं धारदार राहतात.

कडेवर मात्र दया नको. अशी नाणी दागिन्यात फार गेली. घड्याळात बारा असतात त्या ठिकाणी कडी काढल्याची खूण असते: कड चपटी, कानशीचे बारीक ओरखडे, डाकाचा फिकट किंवा लालसर डाग. भिंग दहापट हवं आणि उजेड तिरपा. खूण सापडली तर किंमत बरीच खाली यायला हवी. विक्रेता उतरत नसेल तर सोडून द्यावं.

कस तपासायला कसोटीवर घासू नका. 0.001 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर आधी हवेत, मग दोऱ्याने पाण्यात टांगून तोला. 3.45 ग्रॅमचं शुद्ध नाणं पाण्यात सुमारे 0.18 ग्रॅमने हलकं होतं. अठरा कॅरेटचं 0.22 च्या आसपास. फरक इतका बारीक, की नाण्याला चिकटलेला एक बुडबुडाही निकाल फिरवतो. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका. शिवाय हे कसाचा अंदाज देतं, जुनेपणाचा नाही. त्यासाठी लिलावांतल्या फोटोंशी ताडून पाहा: दोन वेगवेगळ्या नाण्यांवर ओरखडा, तडा आणि कडेचा आकार तंतोतंत सारखा निघाला, तर निदान एक तरी साच्यातली नक्कल.

प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं नाणं असं तोलता येत नाही, तिथे प्रमाणपत्राचा क्रमांक ते देणाऱ्या कंपनीच्या साइटवर फोटोसकट जुळवा. इटलीतून मागवत असाल तर निर्यात परवान्याचा कागद पैसे देण्याआधी हातात हवा. घरी आल्यावर पीव्हीसीच्या (मऊ प्लास्टिकच्या) पाकिटात ठेवू नका, त्याचा चिकट हिरवट थर बसतो. तो बसलाच तर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काढा; कापडाने पुसलंत तर चेहऱ्यावर ओरखडे उमटतील, आणि ते पुन्हा जात नाहीत.