जुन्या मॅकवरील एक्स्टेन्शन्स मॅनेजर : ओळख पटवण्यास कितपत उपयोगी?

फोंड्यातील एका छापखान्यात बेज रंगाचा पॉवर मॅकिन्टॉश जी-३ अजून चालू आहे. जत्रोत्सवांच्या स्मरणिका, नाट्यप्रयोगांच्या पुस्तिका आणि मराठी मासिकांचे जुने अंक यांच्या क्वार्क एक्स्प्रेस या पानांची मांडणी करण्याच्या प्रोग्राममधील मूळ फाइली त्याच यंत्रावर नीट उघडतात, कारण त्यांतील देवनागरी फॉन्ट युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीच्या, आधीचे आहेत आणि नव्या संगणकावर तोच मजकूर रोमन चिन्हांचा अर्थहीन पसारा होऊन समोर येतो. हा मॅक सुरू होता होता गोठू लागला, तेव्हा त्याच्या सिस्टिम फोल्डरमध्ये वर्षानुवर्षे काय काय साठले आहे हे पाहण्यासाठी मॅक ओएस ९ बरोबर मिळणारा एक्स्टेन्शन्स मॅनेजर, म्हणजे सिस्टिमला जोडलेल्या छोट्या फाइली दाखवणारे आणि चालू-बंद करणारे साधन, वापरला. त्याच वापरावरून हे परीक्षण लिहीत आहे.

ज्यांनी हा मॅक हाताळलेला नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. मॅक सुरू होताना पडद्याच्या तळाशी डावीकडून उजवीकडे लहान लहान चित्रे उमटत जातात. त्यांतील बहुतेक चित्रे म्हणजे स्मृतीत चढणारे एकेक एक्स्टेन्शन (सिस्टिमला एखादी क्षमता जोडणारी फाइल) किंवा कंट्रोल पॅनेल (एखादी सेटिंग बदलण्याची फाइल) असते. १९९१ च्या सिस्टिम ७ पासून (मॅक ओएसचे तेव्हाचे नाव) त्यांच्यासाठी स्वतंत्र फोल्डर आले आणि १९९४ च्या सिस्टिम ७.५ पासून हा मॅनेजर सिस्टिमसोबत मिळू लागला. त्या काळच्या मॅक ओएसमध्ये एका प्रोग्रामची स्मृती दुसऱ्यापासून सुरक्षित ठेवण्याची सोय नव्हती, त्यामुळे एखादे सदोष एक्स्टेन्शन स्वतः बंद पडून थांबत नसे, तर सगळे यंत्रच अडकवून ठेवत असे.

यंत्र चालू करताना स्पेसबार दाबून धरला की बाकी काही चढण्याआधीच मॅनेजरची खिडकी उघडते. ही या साधनातील सर्वांत मोलाची सोय आहे, कारण जो मॅक डेस्कटॉपपर्यंत पोहोचतच नाही त्याचीही तपासणी तिच्यामुळे करता येते. शिफ्ट दाबून धरल्यास सगळीच एक्स्टेन्शन्स वगळली जातात, पण त्यातून दोष त्यांच्यात आहे की नाही एवढेच कळते, कोणाचा आहे ते कळत नाही. खिडकीत प्रत्येक वस्तूपुढे चालू-बंदची खूण, नाव, आकार, आवृत्ती आणि पॅकेज असे रकाने असतात. यांपैकी पॅकेजच्या रकान्याकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही, आणि माझ्या मते खरी ओळख तिथूनच सुरू होते. यादी फोल्डरनुसार न पाहता पॅकेजनुसार लावली की एकाच सॉफ्टवेअरबरोबर आलेल्या, पण एक्स्टेन्शन्स आणि कंट्रोल पॅनेल्स अशा वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेल्या फाइली एकत्र दिसतात. छापखान्याने कधीच मोडीत काढलेल्या एका स्कॅनरची सगळी पिलावळ अशीच एका शीर्षकाखाली सापडली. ती बंद केल्यावर यंत्राचे गोठणे थांबले.

ॲपलच्या स्वतःच्या वस्तूंबाबत मॅनेजर बऱ्यापैकी बोलका आहे. नाव निवडून खालचा माहितीचा भाग उघडला की ती वस्तू कशासाठी आहे हे दोन-तीन वाक्यांत वाचायला मिळते. अडचण येते ती भारतीय भाषांच्या सॉफ्टवेअरपाशी. या मॅकवर एक अगदी लहान फाइल होती. तिचे नाव म्हणजे तीन अक्षरे आणि एक आकडा, चित्र कोऱ्या कागदाचे, आवृत्तीचा रकाना रिकामा आणि माहितीच्या भागात उपयोगाचे काहीच नाही. छापखान्यातील जुने डीटीपी ऑपरेटर, म्हणजे संगणकावर पाने जुळवणारे, मागे उभे होते. ते एवढेच म्हणाले, "त्याला हात लावू नका, अक्षरं फुटतात." त्यांचे म्हणणे बरोबर होते, पण ते यंत्राने सांगायला हवे होते. मराठी मजकूर जुळवणाऱ्या यंत्रावर ज्या वस्तूंबद्दल सर्वाधिक जपून वागावे लागते, नेमक्या त्यांच्याबद्दलच हे साधन गप्प बसते, आणि माझा मुख्य आक्षेप हाच आहे.

तरीही त्या गप्प फाइलीकडून काही वदवून घेता येते. मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये टाइप आणि क्रिएटर असे आणखी दोन रकाने दाखवण्याची सोय आहे आणि ते दिसत नसतील तर आधी चालू करावेत. प्रत्येक फाइलीला चार-चार अक्षरांचे हे दोन संकेत असतात, टाइप फाइलीचा प्रकार सांगतो आणि क्रिएटर ती कोणत्या प्रोग्रामची आहे ते सांगतो, आणि फाइलीचे नाव कोणी बदलले तरी ते बदलत नाहीत. त्या अनोळखी फाइलीचा क्रिएटर संकेत देवनागरी कीबोर्डच्या कंट्रोल पॅनेलच्या संकेताशी तंतोतंत जुळला आणि तिचे कूळ कळले. टाइपचा रकानाही तितकाच उपयोगी आहे. 'इनिट' प्रकारची फाइल सुरुवातीलाच स्मृतीत चढते. 'सीडेव्ह' म्हणजे कंट्रोल पॅनेल, 'ॲपी' म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्राम आणि 'एसएचएलबी' म्हणजे एखाद्या प्रोग्रामने मागितली तरच उघडणारी सामाईक लायब्ररी. त्रिमितीय चित्रांसाठीच्या ओपनजीएलच्या लायब्ररी या शेवटच्या प्रकारात येतात. त्यामुळे यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून अशा लायब्ररी बंद करत बसण्यात काहीच हशील नाही. उलट पुढे एखादा प्रोग्राम उघडायलाच नकार देण्याची शक्यता मात्र वाढते.

फाइलीची माहिती दाखवणाऱ्या गेट इन्फो खिडकीतील तारखांवरून फाइल केव्हा आली असावी याचा अंदाज बांधता येतो, पण आपल्याकडे तो जपूनच बांधावा. आतील बॅटरी संपलेली असली आणि पावसाळ्यात वीज गेली की अशा मॅकचे घड्याळ १९०४ किंवा १९५६ सालावर जाऊन बसते, आणि त्यानंतर तारीख दुरुस्त न करता बसवलेल्या प्रत्येक फाइलीवर तोच शिक्का पडतो.

क्रम बदलण्याची सोय नसणे ही मॅनेजरची दुसरी उणीव आहे. एक्स्टेन्शन्स नावाच्या वर्णानुक्रमाने चढतात. म्हणूनच पडद्यावर फॉन्ट नीट दाखवणाऱ्या ॲडोबी टाइप मॅनेजरच्या कंट्रोल पॅनेलच्या नावाआधी नागमोडी चिन्ह आहे. ते त्याला आपल्या फोल्डरातील यादीच्या शेवटी ठेवते. एक्स्टेन्शन्स मॅनेजरमध्ये असा बदल हवा असेल तर फाइलीचे नावच बदलावे लागते. कासाडी अँड ग्रीन या कंपनीचा कॉन्फ्लिक्ट कॅचर हा याच कामाचा प्रोग्राम या बाबतीत कितीतरी पुढे होता. त्यात क्रम माउसने ओढून बदलता येतो, ॲपलबाहेरच्या असंख्य फाइलींची वर्णने आहेत, आणि दोषी शोधताना तो निम्मी एक्स्टेन्शन्स बंद करून यंत्र पुन्हा सुरू करायला लावतो, मग उरलेल्यांतील निम्मी, असे करत जातो. शंभर फाइलींतून एकटा दोषी शोधायला या रीतीने सहा-सात वेळा यंत्र सुरू करणे पुरते. ते लिहिणारे जेफ रॉबिन पुढे ॲपलच्या आयट्यून्सवर काम करू लागले. कासाडी अँड ग्रीन २००३ मध्ये बंद झाली, त्यामुळे कोणाच्या कपाटात जुनी सीडी असेल तर ती जपून ठेवावी. डॅन फ्रेक्स यांचा इन्फॉर्मइनिट हा निव्वळ संदर्भकोश आहे. ॲपलच्या फाइलींसाठी तो मॅनेजरपेक्षा विस्तृत आहे, पण देवनागरीच्या प्रश्नावर त्याचाही उपयोग झाला नाही.

संच, म्हणजे कोणत्या फाइली चालू आणि कोणत्या बंद याची निवड, जतन करण्याची मॅनेजरची पद्धत मात्र निर्दोष आहे. सिस्टिमबरोबर आलेले मूळ संच कुलूपबंद असतात, त्यामुळे त्यांची नक्कल करूनच बदल करता येतो. बंद केलेली फाइल पुसली जात नाही, ती शेजारच्या 'डिसेबल्ड' फोल्डरमध्ये हलवली जाते. आम्ही या मॅकसाठी दोन संच केले. एकात क्वार्क, टाइप मॅनेजर, देवनागरी कीबोर्ड, डोंगल (सॉफ्टवेअरच्या परवान्याची जोडायची चावी) आणि प्रिंटर यांना लागणारे तेवढेच ठेवले, तर दुसऱ्यात नेटवर्कची भर घातली, म्हणजे फाइली बाहेर काढता येतात. चालू संचाची यादी मजकुराच्या रूपात जतन करता येते. ती छापून घेतली आणि ज्या फाइलींबद्दल यंत्र गप्प होते त्यांच्यापुढे ऑपरेटरनी सांगितलेले काम पेनने लिहिले. हा कागद आता यंत्राच्या मॅन्युअलमध्ये ठेवला आहे.