बीपीचं मशीन, दंडाचं माप आणि माझी अकरा वाजताची झोप

आठ महिने रोज वापरून झाल्यावर हे लिहितेय. वस्तू म्हणजे दंडाला पट्टा बांधून घरच्या घरी बीपी मोजायचं मशीन, २२ ते ४२ सेंटिमीटरच्या मोठ्या पट्ट्याचं. कंपनीचं नाव देत नाही. माझ्या दंडाला बसलेलं मशीन तुमच्या दंडाला बसेलच असं नाही, आणि सगळा मुद्दाच तो आहे. बीपीच्या गोळ्यांनी मला भर दिवसा झोप येत होती. त्या झोपेचं मूळ या मशीनमुळे सापडलं, म्हणून सविस्तर लिहावंसं वाटतंय.

मी शिवणकाम करते. वय ५८. चार वर्षांपूर्वी बीपी निघालं आणि अ‍ॅम्लोडिपिन ही ५ मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. तिच्याने काही त्रास नव्हता, फक्त संध्याकाळी घोटे जरा सुजायचे. पुढे घरचे आकडे वाढलेले दिसायला लागले म्हणून जोडीला मेटोप्रोलॉल २५ ही दुसरी गोळी आली आणि दोन महिन्यांनी तिची ५० झाली. त्यानंतर माझ्या सकाळी बिघडल्या.

आठला गोळ्या, नऊला शिलाई मशीनवर, हा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. साडेदहा-अकराच्या सुमारास डोळ्यांवर झापड यायची. ही दुपारच्या जेवणानंतरची पेंग नव्हे. अंग जड व्हायचं, बोटं थंड पडायची आणि मधले दोन-तीन सेकंद हातातून निसटून जायचे. पाय पायट्यावर चालूच, हात कापड पुढे सरकवतायत, आणि भानावर यावं तर टीप कडेवरून खाली उतरून हवेतच चाललेली. उसवायचं, पुन्हा घालायचं. एकदा लांबलचक घेराला टीप मारत होते आणि डाव्या हाताची तर्जनी पुढे गेली. सुई नखातून आत जाऊन तुटली. अर्धं टोक बोटातच. रक्त दिसायच्या आधी मला काय आठवतं, तर मशीनचा आवाज एकदम बंद झाला ते. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

घरात सगळे म्हणाले वय झालं, रात्रीची झोप नीट होत नसेल, काम कमी कर. मीही तसंच धरून चालले. त्यात एक मोठी चूक केली, तीही सांगते. दोन दिवस मेटोप्रोलॉल कुणाला न सांगता बंद केली. तिसऱ्या दिवशी सकाळी छातीत धडधड, ठोके १०४, हाताला कंप. माझी भाची औषधशास्त्र शिकलेली आहे, दवाखान्याच्या औषध विभागात काम करते. ती फोनवर चांगलीच रागावली. "मावशी, या जातीची गोळी एका दिवसात बंद करायची नसते. हृदयाला तिची सवय झालेली असते. ती काढून घेतली की ठोके आणि बीपी उसळतात, हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला तर झटकाही येऊ शकतो. कमी करायची तर पायरी पायरीने, आणि डॉक्टरांना विचारूनच."

मग तिने विचारलं, "झोप नक्की किती वाजता येते? गोळीनंतर किती वेळाने?" मला सांगता येईना. तिने वही करायला लावली. गोळी कधी घेतली, झोप कधी आली, तेव्हा बीपी किती, ठोके किती, एवढं चार दिवस लिही म्हणाली.

तिच्याकडून हेही कळलं की बीपीची प्रत्येक गोळी झोप आणत नाही. मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकर गोळ्या ठोके कमी करतात, त्याने थकवा येतो. शिवाय या दोन्ही चरबीत विरघळणाऱ्या असल्याने मेंदूपर्यंत सहज पोचतात. अटेनोलॉल त्याच घरातली, पण ती तिथे फारशी पोचत नाही. क्लोनिडिन आणि मेथिलडोपा यांचं तर कामच मेंदूत चालतं, त्यामुळे त्यांची गुंगी ठळक. लघवी वाढवणाऱ्या गोळीने रात्री उठून उठून झोप मोडते आणि ती दिवसा वसूल होते. शरीरातलं सोडियम-पोटॅशियम उतरलं तरी अंग गळून जातं. आणि जवळजवळ कुठल्याही गोळीने बीपी गरजेपेक्षा खाली गेलं की मरगळ येतेच. माझं यातलं कुठलं, ते आकड्यांशिवाय कळणार नव्हतं.

आकडे मी काढले, पण जुन्या मशीनवर. अकरा वाजता, ऐन झापडीत: ११८/७२. हे तर उत्तम बीपी. भाचीसुद्धा क्षणभर गप्प झाली.

गाडी तिथेच अडली असती. पण जुन्या मशीनचा पट्टा हवा भरताना चर्र करून सुटायचा. वेल्क्रो जुनं झालं असं मी समजत होते. त्या आठवड्यात तो सलग तीनदा सुटला आणि चौथ्यांदा गुंडाळताना माझं लक्ष गेलं की वेल्क्रोची जेमतेम दोन बोटं एकमेकांवर बसतायत. एखादी बाही अशी ताणलेली दिसली असती तर मी लगेच म्हटलं असतं, माप चुकलंय. टेप गळ्यातच होती. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून मोजलं: ३७ सेंटिमीटर. पट्ट्यावर छापलेलं होतं २२ ते ३२.

तीन वर्षं तो आकडा माझ्या डोळ्यांसमोर होता. दुसऱ्यांच्या मापाला मी दोनदा टेप लावते, आणि स्वतःच्या दंडाला एकदाही लावली नव्हती, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच आकड्यांवरून माझी गोळी वाढली होती. डॉक्टरांना मी बोल लावणार नाही. वही मी नेली होती, पट्टा त्यांनी पाहिला नव्हता.

पट्टा लहान असला की आकडा जास्त येतो, कारण शीर दाबायला त्याला जास्त हवा भरावी लागते. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेली एक चाचणी भाचीने मला समजावून सांगितली. १९५ माणसांवर वेगवेगळ्या मापाचे पट्टे लावून पाहिले होते. ज्यांना मोठा पट्टा हवा त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला, आणि ज्यांना त्याहून मोठा हवा त्यांना तब्बल १९.५ ने. उलट पट्टा फार मोठा असेल तर आकडा कमी येतो, तेही धोक्याचंच. म्हणून "मोठा घेतलेला बरा" असं करू नका.

नवीन मशीन घेताना दोनच गोष्टी पाहिल्या. पट्ट्यावर माझं ३७ बसतं का, आणि ते मॉडेल तपासून मान्य झालेल्यांच्या यादीत आहे का. स्ट्राइड बीपी नावाची आंतरराष्ट्रीय संस्था अशी यादी चालवते. मनगटाचं मशीन घेतलं नाही, कारण हात हृदयाच्या पातळीवर नीट धरला नाही तर त्याचा आकडा फिरतो आणि माझ्याच्याने ते रोज जमलं नसतं.

नवीन मशीनने पहिल्याच सकाळी, गोळीआधी, १२२/७६ दाखवलं. अकरा वाजता, तोच वेळ, तीच खुर्ची: १०४/६२, ठोके ५१. जुन्या मशीनपेक्षा वरचा आकडा १४ ने खाली. मग भाचीने सांगितल्याप्रमाणे उभी राहिले आणि एका मिनिटाने पुन्हा बटण दाबलं. ८२/५६. डोळ्यांपुढे अंधारी आली, टेबलाला धरून बसले. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना सांगायचंच असतं. माझा २२ ने उतरला होता.

सात दिवसांचे आकडे, दोन्ही मशीन आणि टेप घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी त्यांच्याकडच्या मोठ्या पट्ट्याने मोजलं, नवीन मशीनशी तीन-चारचाच फरक निघाला. त्यांनी आधी घोरण्याबद्दल विचारलं, कारण झोपेत श्वास अडकण्याचा विकार बीपीवाल्यांमध्ये बराच असतो आणि त्यानेही दिवसा अशीच झोप येते. मी घोरत नाही. मेटोप्रोलॉल परत २५ वर आली आणि सकाळऐवजी रात्री घ्यायची ठरली. वेळ बदलल्याने काही बिघडणार नाही ना, ही माझी भीती होती. तर ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बीपीच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांच्या बाबतीत फरक दिसला नाही. विसरणार नाही आणि सोसेल अशी वेळ धरायची. फक्त रात्री उठावं लागलं तर आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मगच उभं राहायचं, हे मला दोनदा बजावलं.

फरक पहिल्या आठवड्यात नाही पडला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी ठोके ६० वर आले आणि एका सकाळी साडेअकराला माझ्या लक्षात आलं की आज आपण उसवलंच नाही काही. आता सरासरी १२६/७८ असते. घरच्या मोजणीत १३५/८५ च्या आत हवी, तेव्हा ती ठीक आहे.

आता मशीनबद्दल. पट्टा अर्धवट कडक आहे, एका हाताने गुंडाळता येतो, ही मोठी सोय. आकडे ठळक आहेत, चष्म्याशिवाय दिसतात, पण पडद्याला उजेड नाही, त्यामुळे पहाटे दिवा लावावाच लागतो. दोन माणसांचे आकडे वेगळे ठेवायची सोय आहे, त्यासाठी बाजूची कळ सरकवावी लागते. ती कळ सरकवायला आमच्याकडे विसरतात आणि यजमानांचे आकडे माझ्यात मिसळतात. यावर मशीनचा काही उपाय नाही, म्हणून वही मी सोडलेली नाही. सरासरी फक्त शेवटच्या तीन आकड्यांची काढतं, आठवड्याची नाही. आठवड्याची मी हाताने काढते, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून, कारण पहिल्या दिवशी ते उगाच चढे येतात. सेल उतरत आले की मशीन मध्येच थांबून मोजणी फसल्याची खूण दाखवतं. हवा भरताना बोललात किंवा हात हलवलात तरी आकडा बिघडतो, कारण हे मशीन आवाज ऐकत नाही, पट्ट्यातल्या हवेचे हेलकावे मोजतं. ठोके अनियमित असण्याची खूण दोनदा आली तेव्हा मी घाबरले. दोन्ही वेळा मी मोजताना खोकले होते. पण शांत बसूनही ती खूण वारंवार येत असेल तर दाखवायला जा. ज्यांचे ठोके मुळातच अनियमित आहेत त्यांनी या मशीनच्या एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नये.

मोजायची रीत पाळली नाही तर महाग-स्वस्त सगळी मशीनं सारखीच. अर्धा तास आधी चहा-कॉफी, तंबाखू, धावपळ नको. लघवी करून यायचं. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, मांडी किंवा पायावर पाय नाही, दंड छातीच्या पातळीला, बाहीवरून नाही तर उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा. मला ही पाच मिनिटं आधी फार जड जायची, आता त्या वेळात दिवसाची कामं मनात लावून घेते.

झोप पूर्ण गेली असं म्हणणार नाही. सर्दीसाठी सेटिरिझिन घेतली त्या दिवशी ती पुन्हा आली, दुपारपर्यंत राहिली. अशा दिवशी मी शिलाई मशीनला हात लावत नाही, बटणं लावते, टाचण काढते, मापं उतरवते. बेतायची कात्रीसुद्धा बाजूला ठेवते. गाडी चालवणाऱ्यांनी तर नवीन गोळी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पहिले काही दिवस आपल्याला झोप कधी येते ते पाहूनच बाहेर पडावं, हे मी हात जोडून सांगते. माझं बोट वाचलं, नखावर आडवी रेघ राहिली आहे तेवढीच.

तीस-बत्तीसच्या आतला दंड असेल तर हे मशीन घेऊन खास फायदा नाही, नेहमीच्या पट्ट्याचं चालेल. ४२ च्या वर असेल तर हेही पुरणार नाही, आणखी मोठा पट्टा मागा. खरेदीच्या आधी टेप लावा, एवढंच.

एक तक्रार राहिली. आठ महिन्यांतच या पट्ट्याच्या वेल्क्रोला टोकाकडे लव सुटायला लागली आहे. मी ते उसवून नवीन वेल्क्रो शिवणार होते, माझ्यासाठी दहा मिनिटांचं काम. भाचीने नको म्हटलं, आतल्या फुग्याची जागा जरा सरकली तरी आकडा बदलेल. म्हणून त्याच मॉडेलचा बदली पट्टा मागवलाय. आला की आधी त्यावरची मापं वाचणार आणि मगच बांधणार.