बोअरच्या पाण्याचे डाग: सोडा-व्हिनेगर, लिंबूसत्त्व की अ‍ॅसिड?

लातूर-बीडकडे घर असेल आणि वापराला बोअरचं पाणी असेल, तर तोटीवर, बादलीत, न्हाणीच्या फरशीवर पांढरट थर धरतोच. हा मळ नव्हे, क्षार. बराचसा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. साबणाने कितीही घासा, तो हलत नाही. त्याला आंबट काहीतरीच लागतं. मोबाइलवर रोज येणारे घरगुती उपाय एवढ्या एका कसोटीवर लावून बघा.

सगळ्यांत जास्त फिरतो तो खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करायचा उपाय. जोरात फसफसतं, म्हणून काम होतंय असं वाटतं. पण तो फेस कार्बन डायऑक्साइडचा. व्हिनेगरचा आंबटपणा सोडाच खाऊन टाकतो, क्षारासाठी फारसं काही उरत नाही. मी न्हाणीतले दोन सारखेच पांढरे पडलेले मग घेतले. एकात हे मिश्रण, दुसऱ्यात कोमट पाणी आणि चमचाभर लिंबूसत्त्व. ढोकळ्यासाठी किराणा दुकानात मिळतं तेच सायट्रिक अ‍ॅसिड. अर्ध्या तासाने पहिला मग बोटाला तसाच खरखरीत लागत होता. दुसऱ्याच्या कडेने बारीक बुडबुडे चढत होते. काथ्या दोनदा फिरवला आणि खालचा निळा रंग दिसला.

नुसतं व्हिनेगरही चालतं, पण त्यात आम्ल असतं साधारण ४-५ टक्के, आणि वास घरभर राहतो. लिंबूसत्त्व स्वस्त पडतं, वास नाही, हवं तेवढं कडक करता येतं. तोटीला त्यात भिजवलेलं फडकं गुंडाळा, वीस मिनिटांनी काढून धुवा. माझं मत सरळ लिंबूसत्त्वाला.

संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. क्षार सगळ्यांत लवकर तेच काढतं, यात शंका नाही. पण ते संडासाच्या भांड्यापुरतंच ठेवा. स्टीलवर पडलं तर खड्डे पडतात, नळाची चकाकी जाते.

आणि आता आपल्याकडची खरी अडचण. जुन्या घरांत खाली शहाबादी, ओट्याला कडप्पा. हे दोन्ही दगड चुनखडीचेच! जे क्षार खातं ते फरशीही खाणार. कडप्प्यावर कापलेलं लिंबू राहिलं की फिकट चट्टा पडतो ना, तो डाग नाही. दगडाचं पॉलिश गेलेलं असतं, घासून परत येत नाही. त्यामुळे कुठलाही आंबट उपाय करण्याआधी फरशीच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर जागा निस्तेज दिसली, तर तिथे लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिड काहीच नको. साधा साबण, आणि अंघोळ झाली की लगेच पाणी ओढून फरशी कोरडी करायची. पाणी वाळलंच नाही तर थर बसत नाही.

धुण्याचा सोडा तेलकट ओशटपणाला चांगला. फक्त अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला लावू नका, काळं पडतं.

एक मात्र अजिबात करू नका: पाण्यात टाकायची टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही आम्ल एकत्र. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद न्हाणीत तो जिवावर बेतू शकतो. चुकून मिसळलंच तर धुवायला थांबू नका. दार उघडं टाकून आधी बाहेर या. दोन्ही एका फळीवर ठेवूच नका.