जहाज मोडीत काढायचंय: दारूखाना, अलंग की तुर्की?

पुण्याला समुद्र नाही, पण जहाजवाले पायलीचे पन्नास. कोथरूडच्या आमच्या सोसायटीतच चार घरं मर्चंट नेव्हीची आहेत. त्यामुळे माझ्या एका बॅचमेटने प्रभात रोडवरच्या त्याच्या ऑफिसात चहाला बोलावून "बत्तीस वर्षांचं कोस्टर आहे, पुढच्या ड्राय डॉकचा खर्च निघणार नाही, कुठे तोडू?" असं विचारलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही. (कोस्टर म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने फिरणारं मालवाहू जहाज, आणि ड्राय डॉक म्हणजे जहाज पाण्याबाहेर काढून होणारी दुरुस्ती.) "जो भाव जास्त देईल त्याला" हे उत्तर त्याच्याकडे आधीच तयार होतं. मी इंजिनरूममध्ये हयात घालवलेला माणूस. माझं उत्तर जरा लांबलं. त्याच्यासारखी एकदोन जुनी जहाजं बाळगून असलेल्यांसाठी ते इथे मांडतो.

आधी कायद्याचं, कारण त्यावर निम्मा निर्णय होतो. हाँगकाँग करार, म्हणजे जहाजं माणसांना आणि पर्यावरणाला न बाधता तोडण्याचा आंतरराष्ट्रीय करार, 2009 मध्ये झाला आणि तब्बल सोळा वर्षांनी, 26 जून 2025 ला लागू झाला. भारत 2019 मध्ये त्यात सामील झाला आणि त्याच वर्षी आपला जहाज पुनर्चक्रण कायदाही आला. 500 ग्रॉस टनाखालची जहाजं, युद्धनौका आणि आयुष्यभर आपल्याच देशाच्या पाण्यात फिरलेली जहाजं कराराच्या बाहेर आहेत. मित्र लगेच म्हणाला, "मग मी सुटलो, माझं मुंबई-मंगळूरच चालतं." मी म्हटलं, "आणि मागे कोलंबोला सिमेंट टाकून आलास ते?" तो गप्प झाला. परदेशची एक फेरीसुद्धा पुरते. आता त्याला अधिकृत परवाना असलेल्या यार्डातच जावं लागणार, आणि ते यार्ड त्या एका जहाजासाठी वेगळा तोडणी आराखडा करणार.

दारूखान्याचा मोह समजण्यासारखा आहे. मुंबईतच, रे रोडला उतरलं की आलं. टोइंगचा खर्च नगण्य, रोज जाऊन डोळ्यांनी बघता येतं. 2014 मध्ये जुनी विक्रांत इथेच तोडली आणि तिचं थोडं पोलाद आमच्या आकुर्डीच्या बजाजने मोटरसायकलच्या टाकीत घातलं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा ती गाडी अजून जपून चालवतो. पण जागा म्हणाल तर चिखल, दाटीवाटी, पलीकडे शिवडीचे फ्लेमिंगो आणि अलीकडे वस्ती. माझं मत: लहान टग किंवा बार्ज असेल तर विचार करा, तोही तुमच्या नेमक्या प्लॉटचा परवाना हातात घेऊन वाचल्यावर. मोठ्या कोस्टरसाठी नको.

तुर्कीचं लवकर आटोपतो. इझमिरजवळच्या अलियागाला भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, म्हणून जहाजाचं नाक किनाऱ्याला टेकवतात आणि शेपूट पाण्यात तरंगत राहते. तुकडे क्रेनने उचलून काँक्रीटच्या फरशीवर येतात. युरोपियन युनियनच्या यादीत तिथली यार्डं आहेत. युरोपचा झेंडा, म्हणजे नोंदणी, असलेल्या जहाजाला त्या यादीबाहेर जाता येत नाही, आणि यादीत यायचं तर काम बांधीव जागेवरच व्हायला हवं. पण तुमचा झेंडा भारताचा असेल तर लाल समुद्र ओलांडून तिकडे जाण्यात अर्थ नाही. भावही कमी मिळतो. तिथे भंगार भट्टीत वितळवतात, आपल्याकडे जहाजाची प्लेट न वितळवता तापवून थेट रोलिंग मिलमध्ये लाटली जाते, म्हणून ती महाग विकली जाते. एलडीटीमागे, म्हणजे रिकाम्या जहाजाच्या वजनाच्या टनामागे, शंभर डॉलरचा फरक सहज पडतो. मित्राचं जहाज 2,200 एलडीटीचं आहे; गुणाकार त्याने चहा थंड होण्याआधीच केला.

राहिलं गुजरातच्या किनाऱ्यावरचं अलंग. "अलंगला देऊन टाक" हे वाक्य मला "पुण्यात घर घे" इतकंच निरुपयोगी वाटतं. पुण्यात कुठे? तिथे दहाएक किलोमीटर किनाऱ्यावर दीडशेहून जास्त प्लॉट आहेत आणि दोन शेजारी प्लॉटमध्ये जेवढा फरक सापडतो तेवढा दोन देशांत सापडणार नाही.

नव्वदच्या दशकात एक बल्क कॅरियर मी स्वतः तिथे पोचवलं होतं. तिथे भरती-ओहोटीत दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. पौर्णिमेचं उधाण, ब्रिजवर पायलट, टेलिग्राफ, म्हणजे इंजिनला हुकूम देणारं यंत्र, फुल अहेडवर: जहाज पूर्ण वेगाने सरळ किनाऱ्यावर चढवायचं होतं. मला मोठ्या धक्क्याची भीती होती. धक्का बसलाच नाही. पायाखालची थरथर जड होत गेली, वेग मेला, आणि वरून "फिनिश्ड विथ इंजिन्स", म्हणजे इंजिनचं काम संपलं, असा हुकूम आला. दुसऱ्या दिवशी ओहोटीला शिडीने खाली उतरलो. ओल्या चिखलावर तेलाचा रंगीत तवंग होता आणि शेजारच्या प्लॉटसमोर लाल रंगाच्या खपल्या शिंपल्यांसारख्या पसरल्या होत्या. तो रंग म्हणजे जहाजाच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून लावलेलं विष. तिथे जहाजाचं नाक कापून सरळ वाळूत पाडत होते, आणि अनवाणी माणसं ते दोराने ओढत होती.

आज चांगल्या प्लॉटवर हे दिसत नाही. कापलेला तुकडा जहाजाच्याच पोटात पडू देतात किंवा क्रेनने धरून ठेवतात, तिथून उचलून गळती न होणाऱ्या फरशीवर नेतात, आणि बारीक कटिंग तिथेच होतं. 2015 पासून क्लास सोसायट्या, म्हणजे जहाजांची तपासणी करून दाखले देणाऱ्या संस्था, अलंगच्या प्लॉटना हाँगकाँग कराराशी सुसंगत असल्याचे दाखले देत आल्या आणि शंभराहून जास्त प्लॉटनी ते मिळवले. दाखला भिंतीवर असतो, फरशी जमिनीवर असते. आपण फरशी बघायची. गटारं कुठे जातात? पावसाचं पाणी कुठे साठतं? श्वासातून घातक ठरणारं ॲस्बेस्टॉस काढायची बंद खोली वापरात आहे, की तिथे सायकली ठेवल्यात? टाक्यांत स्फोटक वायू नसल्याचं गॅस-फ्री प्रमाणपत्र फक्त पहिल्या दिवशी होतं, की रोज कटर आत शिरण्याआधी मोजणी होते? 2016 मध्ये पाकिस्तानच्या गडानीला एका टँकरच्या स्फोटात दोन डझनांहून जास्त कामगार गेले. उरलेलं तेल आणि पेटता कटर यांची गाठ पडली की असंच होतं. अलंगहून मोठं हॉस्पिटल भावनगरला, सुमारे पन्नास किलोमीटरवर. म्हणून ॲम्ब्युलन्स कुठे उभी असते हेही विचारायचं.

विकायचं कुणाला, हा दुसरा घोळ. बहुतेक मालक कॅश बायरला, म्हणजे रोख देऊन जहाज घेणाऱ्या मधल्या व्यापाऱ्याला, विकतात. तो पैसे मोजतो, कधी झेंडा बदलतो आणि पुढे कुठल्या प्लॉटला नेतो हे आपल्याला कळत नाही. भाव थोडा बरा मिळतो, झोपही लागते. मी मित्राला सुचवलं ते असं: प्लॉट आपण निवडायचा, करारात त्याचं नाव घालायचं, तोडणी चालू असताना आपला माणूस जाऊ शकेल असं कलम टाकायचं. यासाठी थोडा कमी भाव आला तर चालेल.

आणि धोकादायक पदार्थांची यादी, आयएचएम. ती नीट केलेली नसेल तर कुठलंही यार्ड निवडून उपयोग नाही. फ्रान्सचं विमानवाहू जहाज क्लेमान्सो 2006 मध्ये अलंगच्या वाटेवरून परत न्यावं लागलं, कारण आत ॲस्बेस्टॉस किती यावरच एकमत होईना. शेवटी ते इंग्लंडात तुटलं. त्याचं सख्खं भावंड, ब्राझीलला विकलेलं साओ पावलो, 2022 मध्ये तुर्कीने नाकारलं. तेही अशाच यादीच्या वादातून. पुढच्या फेब्रुवारीत ब्राझीलने ते अटलांटिकमध्ये बुडवलं.

मित्राचं जहाज नव्वदच्या दशकातलं, म्हणजे एक्झॉस्ट पाइपच्या लॅगिंगमध्ये (उष्णता अडवणाऱ्या वेष्टनात), गॅस्केटमध्ये, विंचच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असणारच. आम्ही पोरं असताना ते लॅगिंग हातांनी फाडायचो आणि अंगावरची पांढरी भुकटी कॉम्प्रेस्ड एअरने उडवायचो. मास्क? फडकं बांधायचो, तेही उकाड्यामुळे. ड्रॉइंग बघून घरबसल्या यादी करणारे स्वस्तात मिळतात. त्यांना देऊ नका. नमुने काढून लॅबला पाठवणाराच हवा.

मित्राने तीन प्लॉट निवडलेत. येत्या अमावस्येला आम्ही दोघं भावनगरला निघतोय, कारण त्या दिवशी ओहोटी सर्वांत लांब जाते आणि एरवी पाण्याखाली झाकलेला चिखल उघडा पडतो. एका प्लॉटवाल्याने फोनवर सुचवलं, "भरतीच्या वेळेला या, जहाज छान दिसतं." त्याचं नाव मी यादीत सगळ्यात खाली टाकलंय.